पत्ता विचारणाऱ्याचे नाव

‘ज्याच्या मनात पाप नाही, त्याने लपवावे कशाला?’ असे विचारणाऱ्या सद्गृहस्थांची आपल्याकडे वाण नाही. त्यांना आमचा उलट प्रश्न आहे: लेकीच्या सासरची दुखणी आपण पोस्टकार्डावर लिहिता काय? नाही ना? मग पाकीट ही चोराची वस्तू ठरत नाही.

इंटरनेटवर कोणतेही संकेतस्थळ उघडावयाचे, तर आधी त्याच्या नावावरून आकडी पत्ता शोधावा लागतो. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली आखलेली ही डीएनएसची व्यवस्था मुळात उघड्यावर विचारणारी. पत्राला पाकीट आले, पण पत्ता मात्र बहुतेक जण अजून भर चौकात ओरडून विचारतात. दरेकसा स्टेशनावर उतरलेल्या परक्याने एखाद्या घराची वाट विचारली, की तो कोणाकडे आला हे गाडी हलण्यापूर्वी गावाला कळते. आत काय बोलणे झाले, हे ऐकण्याची गरजच उरत नाही. क्षयरोग, आंतरजातीय विवाह, नवऱ्याची मारहाण, यांपैकी कशावरही मदत देणाऱ्या स्थळाचे नुसते नाव विचारले, तरी अर्धे गुपित फुटले.

यावर टॉर नावाचे अनामिकतेचे जाळे हा उतारा सांगितला जातो, आणि तो खोटा नाही. त्यात आपली मागणी सहसा तीन टप्प्यांतून जाते. पहिल्याला विचारणारा ठाऊक, ठिकाण नाही. शेवटच्याला ठिकाण ठाऊक, विचारणारा नाही. परंतु पत्ता विचारावयाचे काम हा शेवटचा टप्पा करतो. २०१६ साली संशोधकांनी मोजून दाखविले, की अशा विचारणांपैकी जवळजवळ ४० टक्के एकट्या गूगलच्या दारी जात होत्या. ज्याची नजर तुमच्या दारावरही आहे आणि त्या दारावरही, तो वेळेची सांगड घालून तुम्हांला ओळखू शकतो. वाटा शंभर आणि दरवाजा एक, ही कसली लपाछपी?

उपाय आहेत. शेवटचे टप्पे चालविणाऱ्यांनी पत्ते स्वतः शोधावेत, एका बड्या पेढीवर सोपवू नयेत. विचारणा पाकिटात घालून वेबवरून पाठविण्याची रीत २०१८ साली ठरली. पण तीत उत्तर देणाऱ्याला सारे कळतेच. २०२२ साली मांडलेली पुढची रीत काम दोघांत वाटते: एकाला माणूस कळतो, दुसऱ्याला प्रश्न. दोघांनी संगनमत केले नाही म्हणजे झाले.

आणि सरकारने काय केले? २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनी व्हीपीएन चालविणाऱ्यांना ग्राहकांची नावे व पत्ते पाच वर्षे जपून ठेवण्यास फर्मावले. त्याच वर्षी कित्येक कंपन्यांनी आपली यंत्रे देशाबाहेर हलविली. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने दिला होता. त्याला पाच वर्षेही लोटली नव्हती!

गुन्हेगारही या आडोशाला बसतात, हे मान्य. संशयिताचा माग कायद्याने जरूर काढावा. पण एका चोरासाठी साऱ्या गावाच्या येण्याजाण्याची वही ठेवणे हा बंदोबस्त नव्हे, दहशत आहे. १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात शतपत्रे लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकर होते. सही मात्र ‘लोकहितवादी’. नाव झाकणारा प्रत्येक जण लबाड असेल, तर त्यांनाही लबाड म्हणा!

ज्यांना झाकण्यासारखे काही नाही, त्यांनी आपली दारे खुशाल उघडी टाकावीत. शेजाऱ्याच्या दाराची कडी काढण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला?