राखणदार

भाताची कापणी आटोपून कणग्या भरू लागण्याच्या या दिवसांत निसर्गाच्या औदार्याचे गुणगान करण्याची आपल्याकडे रीतच आहे. परंतु ते औदार्य टिकावे म्हणून पूर्वजांनी स्वतःवर कोणती बंधने घालून घेतली होती, याचे स्मरण क्वचितच होते, आणि ते यंदा करून द्यावे असे आम्हांस वाटते.

कोकणात आणि घाटमाथ्यावर काळकाई, वाघजाई अशा देवतांच्या नावाने राखलेल्या देवरायांतून वाळकी काटकीही उचलावयाची नाही, आणि गावाच्या निकडीपायी झाड तोडणे भागच पडले तर देवीचा कौल घेतल्याखेरीज कुऱ्हाड चालवावयाची नाही, हा दंडक पुष्कळ गावांनी सरकारी बंदोबस्तावाचून पिढ्यानपिढ्या पाळला. 1970 च्या दशकात वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी या रायांचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हा भोवतालचे डोंगर उघडे पडत असताना येथे जुने अरण्य तगून राहिलेले आढळले.

अशा राईतल्या जुनाट वृक्षाच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला कोंडून घेते, चोच जाईल एवढी फट ठेवून ढोलीचे तोंड लिंपते, आणि नर कित्येक आठवडे त्या फटीतून तिला वड-उंबराची फळे भरवीत राहतो. ही चिकाटी पक्ष्याची खरी. पण तशी ढोली होण्याइतके झाडाचे वय होईतो कुऱ्हाड आवरून धरण्याचा धीर माणसाचाच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही, आंबा-फणस वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ते लेकरांसारखे वाढविलेले असतात, म्हणून आरमाराच्या लाकडासाठीदेखील त्यांस हात लावू देऊ नये, अशी सक्त ताकीद आहे.

आज देवीच्या कोपाचा धाक ओसरला आहे. श्रद्धाही ओसरली म्हणावे, तर वर्गणी भरभरून जमते, आणि काही ठिकाणी राईतलेच वृक्ष विकून जुन्या घुमटीच्या जागी सिमेंटचे मंदिर व फरशीबंद सभामंडप उभे राहतात. हे आम्हांस नास्तिक्याहून अधिक चिंताजनक वाटते. धाक होता तोवर राखणदारी देवीवर सोपवून माणूस निश्चिंत होता. धाक गेल्यावर ती आपसूक प्रत्येकाच्या गळ्यात आली आहे, आणि वनखात्याकडे बोट दाखवून ती टळणारी नाही. जीर्णोद्धाराच्या वर्गणीची पावती फाडून घेताना ‘झाडे किती जाणार?’ एवढे विचारण्याचे धार्ष्ट्य ज्याला होईल, त्याची भक्ती आम्ही खरी मानू.

 

— संपादक