आवाज स्टुडिओसारखा आहे, पण स्टुडिओ कुठाय?

सिडनीत 'काडा' नावाचं एक रेडिओ स्टेशन आहे. हिप-हॉप वाजवणारं, तरुण श्रोत्यांचं. नोव्हेंबर २०२४ पासून तिथे 'वर्कडेज विथ थाय' हा कार्यक्रम लागायचा. सोमवार ते शुक्रवार, रोज चार तास. मग एका न्यूजलेटरने प्रश्न विचारले : ही थाय नेमकी कोण? तिची माहिती किंवा सोशल मीडिया अकाउंट कुठेच का नाही? एप्रिल २०२५ मध्ये उत्तर मिळालं. थाय नावाची आरजे अस्तित्वातच नव्हती. तो आवाज इलेव्हनलॅब्सच्या एआय टूलने बनवला होता आणि त्यासाठी नमुना म्हणून कंपनीच्याच फायनान्स विभागातल्या एका व्यक्तीचा आवाज वापरला होता.

जवळपास सहा महिने हे चाललं. बातमी आल्यावर सगळे म्हणाले, एआय किती पुढे गेलंय बघा! ते खरंच आहे. पण माझ्या मते यात रेडिओच्या स्टुडिओचाही मोठा हात आहे. कारण खऱ्या माणसाच्या आवाजातून 'खोली' काढून टाकायचं काम रेडिओ कित्येक दशकं करत आलाय. कसं, ते समजून घेऊया.

तुमच्या आवाजात तुमची खोली असते

बाथरूममध्ये जाऊन एक टाळी वाजवा. मग कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर वाजवा. टाळी तीच, आवाज वेगळा. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. भिंत ३ मीटर लांब असेल तर आवाज तिथे आपटून १७-१८ मिलिसेकंदांत परत येतो. छत, फरशी, दार, आरसा अशा सगळीकडून असे शेकडो परतावे येतात आणि एकमेकांत मिसळतात. या मिसळलेल्या शेपटीला रिव्हर्ब म्हणतात. विजापूरच्या गोल घुमटात टाळी वेगवेगळी, पुन्हा पुन्हा ऐकू येते, तो प्रतिध्वनी. रिव्हर्बमध्ये असे सुटे आवाज कळत नाहीत, फक्त 'मोठी खोली आहे' किंवा 'छोटी खोली आहे' एवढं जाणवतं.

म्हणजे रिव्हर्ब हा एक प्रकारे आवाजाचा पत्ताच झाला. समोरचा माणूस जिन्यात आहे की गाडीत, हे आपण फोनवर न विचारता ओळखतो ते यामुळेच.

रेडिओला खोली का नको असते?

आरजे बसतो त्या खोलीत भिंतींवर आवाज शोषणारे पॅनेल असतात, खाली कार्पेट असतं, दार जाड असतं. माइक बहुतेकदा डायनॅमिक प्रकारचा. इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई-२० किंवा शुअरचा एसएम-७बी तुम्ही पॉडकास्टच्या व्हिडिओंत नक्की पाहिला असेल. आरजे त्याच्या अगदी जवळून बोलतो. त्यामुळे तोंडाचा आवाज भरपूर येतो आणि भिंतींचा अगदी थोडा. माइक सुरू झाला की स्टुडिओतले स्पीकर आपोआप बंद होतात, म्हणून तर आरजेच्या कानावर कायम हेडफोन असतो.

एवढा आटापिटा का? कारण पुढे एक यंत्र बसलेलं असतं, ऑडिओ प्रोसेसर. ऑर्बन कंपनीचा ऑप्टिमॉड १९७५ मध्ये एफएमसाठी आला आणि पुढे या प्रकारच्या यंत्राची ओळखच बनला. त्यातला कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो आणि लहान आवाज वर उचलतो. त्यामुळे गाडीच्या घरघरीतही आरजेचा शब्द न् शब्द ऐकू येतो. पण रिव्हर्बची शेपटी लहान आवाजातच असते. कॉम्प्रेसर तीही वर उचलतो. माइकवर जेमतेम जाणवणारी खोली प्रक्षेपणात ढणढणीत ऐकू येते. म्हणून ती मुळातच नको.

काढलेली खोली परत टाकली

आता गंमत बघा. १९६० च्या दशकात अमेरिकेतली एएम स्टेशन्स याच कोरड्या आवाजात मुद्दाम रिव्हर्ब मिसळायची. न्यूयॉर्कचं डब्ल्यूएबीसी त्यासाठी प्रसिद्ध होतं. शब्दांमधल्या मोकळ्या जागा रिव्हर्बच्या शेपटीने भरल्या जातात, त्यामुळे आवाज भरीव वाटतो. डायलवर काटा फिरवणारा श्रोता तिथे थांबला पाहिजे, हा त्यामागचा हिशेब.

पण ही खोली आणायची कुठून? जर्मनीच्या ईएमटी कंपनीने १९५७ मध्ये ईएमटी-१४० हे यंत्र आणलं. त्यात लाकडी पेटीत साधारण २ मीटर लांब आणि १ मीटर रुंद, अर्धा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा टांगलेला असतो. एका बाजूने आवाज देऊन पत्रा थरथरवायचा आणि दुसरीकडून ती थरथर पिकअपने पकडायची. झाला रिव्हर्ब. वजन सुमारे २७० किलो.

म्हणजे रेडिओवरची खोली तेव्हाही खोटीच होती. पण २७० किलोचा पत्रा कोणी खिशात घेऊन फिरत नाही. तसा आवाज काढायला इमारत लागायची, पैसा लागायचा, इंजिनिअर लागायचा, परवाना लागायचा. त्यामुळे आपल्या कानाला सवय लागली : रेडिओसारखा आवाज आला, म्हणजे मागे कोणीतरी जबाबदार बसलंय.

आता तो पत्रा तुमच्या खिशात आहे

आज कुठल्याही खऱ्या जागेत एक टाळी किंवा फुगा फुटल्याचा आवाज रेकॉर्ड करता येतो आणि त्या जागेचा ठसा कुठल्याही आवाजावर उमटवता येतो. या गणिताला कन्व्होल्यूशन म्हणतात. ३ सेकंदांचा रिव्हर्ब आणि सेकंदाला ४८,००० नमुने धरले, तर सरळ पद्धतीने दर सेकंदाला जवळपास ६९१ कोटी गुणाकार करावे लागतात. एफएफटी नावाची युक्ती वापरली की हे काम इतकं कमी होतं की साधा फोनही ते सहज करतो.

उलटं काम, म्हणजे रेकॉर्डिंगमधून खोली काढणं, जास्त अवघड. कारण खोली कशी होती हेच माहीत नसतं. एआय मॉडेलला लाखो उदाहरणं दाखवून शिकवतात की कोरडा आवाज कसा असतो, मग ते अंदाज बांधतं. एका बटणावर 'स्टुडिओ क्वालिटी' देणारी ॲप्स हेच करतात. यातली काही तर आवाज फक्त गाळत नाहीत, जिथे ऐकू येत नाही तिथे स्वतः भर घालतात.

मी हे करून पाहिलं. घराच्या रिकाम्या खोलीत, फोन दोन मीटर लांब ठेवून काही आकडे वाचले आणि रेकॉर्डिंग एका ॲपमधून काढलं. निकाल ऐकून मीच चाट पडलो, थेट आरजे! तिसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं की मी 'सत्तावीस' म्हटलं होतं आणि आता ते 'सत्तेचाळीस' ऐकू येतंय. मूळ फाइल लावली तर तिथे आकडा गुळमुळीत होता. ॲपने तो एकदम स्पष्ट केला होता आणि चुकवला होता. गुळमुळीत असता तर मी पुन्हा विचारलं असतं. स्पष्ट होता म्हणून विश्वास ठेवला. माझ्या प्रयोगात काही बिघडलं नाही. तीच क्लिप कोणाच्या औषधाच्या डोसची किंवा पैशांच्या व्यवहाराची असती तर?

मग आपण काय करायचं?

पोलंडमध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑफ रेडिओ क्राकोवने एआय निवेदक आणले. त्यांनी ते जाहीर केलं होतं. लोक चिडले आणि प्रयोग आठवड्याभरात गुंडाळावा लागला. ऑस्ट्रेलियात सांगणं बंधनकारक नव्हतं, तिथे सहा महिने चाललं. म्हणजे श्रोत्याच्या कानापेक्षा जाहीर केलेली एक ओळ जास्त उपयोगी पडली. भारतात आयटी नियमांतल्या फेब्रुवारी २०२६ च्या बदलांनी एआयने बनवलेल्या आवाजाला लेबल सक्तीचं केलं, ते मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. पण व्हॉट्सॲपवर दहाव्यांदा फॉरवर्ड झालेल्या क्लिपला ते लेबल चिकटून राहील, या भरवशावर बसू नका.

काही गोष्टी आपल्या हातात आहेत :

• आपल्या धोरणानुसार खासगी एफएम स्टेशन स्वतःच्या बातम्या देऊ शकत नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावू शकतं. त्यामुळे एखाद्या खासगी एफएमची 'स्वतःची ब्रेकिंग न्यूज' म्हणून क्लिप आली, तर तिथेच थांबा.

• 'आवाजात घुमणं आहे, मागे ट्रॅफिक आहे, म्हणजे खरं रेकॉर्डिंग आहे' हेही धरून चालू नका. खोली काढता येते, तशी टाकताही येते.

• आकडे, नावं, पैसे असलेली क्लिप असेल तर साफ केलेली नको, मूळ फाइल मागा. स्वतः साफ करत असाल तर मूळ फाइल डिलीट करू नका.

• ओळखीच्या आवाजाने पैसे मागितले तर फोन ठेवा आणि तुमच्याकडे असलेल्या नंबरवर स्वतः लावा.

आणि स्वतःचा आवाज चांगला हवा असेल, तर ॲपच्या आधी कपाट उघडा. कपड्यांसमोर बसा, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरा आणि बोला. खोली बरीचशी जाईल, आणि तुमचे सत्तावीस सत्तावीसच राहतील.