पिपरीचा प्लॉट, नागपूरची नोकरी

नागपुरात ‘वर्धा रोड’ म्हटलं की मेट्रोचा दुमजली पूल, मिहान, विमानतळ आणि पगारदाराच्या हाताबाहेर गेलेले फ्लॅट आठवतात. त्याच रस्त्यानं बुटीबोरी, केळझर, सेलू, पवनार मागं टाकत गेलं की खुद्द वर्धा येतं. नागपुरात नोकरी करणाऱ्या कितीतरी माणसांची घरं इथं आहेत. पहाटे डबा भरून निघायचं आणि दिवेलागणीनंतर परतायचं, याला आपल्याकडे अपडाऊन म्हणतात. मंत्रालयातून विदर्भाकडे पाहताना हा माणूस दिसत नाही. उपनगरी प्रवासी म्हणजे कल्याण-विरारचा, असंच तिथं गृहीत धरलेलं असतं.

ही माणसं नागपुरात का राहत नाहीत? बुटीबोरीच्या कारखान्यातला सुपरवायझर, धंतोलीच्या खासगी दवाखान्यातली परिचारिका, सिव्हिल लाइन्समधल्या कचेरीतला लिपिक यांना आपल्या पगारात नागपुरात दोन खोल्यांचं भाडं भागवता येतं. स्वतःचं घर बांधता येत नाही. वर्ध्यात ते जमतं. शिवाय बायको सावंगीच्या किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयात कामाला असते, आईवडील देवळी-आर्वीकडं शेती सांभाळतात, मुलांच्या शाळा सायकलच्या टप्प्यात असतात. सगळ्यांच्या मध्ये पडणारं ठिकाण वर्धाच. हा निवड चुकलेल्यांचा नाइलाज नाही, संसाराचा शहाणपणाचा हिशेब आहे, आणि म्हणूनच तो कुठं फसतो हे नीट पाहायला हवं.

फसण्याची पहिली जागा प्लॉट. वर्धा नगरपरिषदेच्या हद्दीत फारशी मोकळी जागा उरलेली नाही आणि जी आहे ती महाग. वस्ती सरकली ती पिपरी (मेघे), सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), सावंगी (मेघे), नालवाडी, म्हसाळा या लगतच्या गावांत. जनगणनेचे आकडे पाहा: २००१ मध्ये शहरात १ लाख ११ हजारांच्या आसपास माणसं होती, २०११ मध्ये ती १ लाख ६ हजारांवर आली. शहर ओस पडलं नाही. ते फक्त नगरपरिषदेच्या रेघेबाहेर राहायला गेलं.

रेघेबाहेरचं लेआउट कसं असतं? काल-परवापर्यंत तिथं कपाशी-सोयाबीन असतं. एनए (अकृषक) झालं की पांढरे दगड रोवले जातात, मुरूम पसरला की त्याला रस्ता म्हणतात, आणि एका कोपऱ्यात ‘ओपन स्पेस’ची पाटी लागते. जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर साधा पाया घातला तर दोन पावसाळ्यांत भिंतीला तिरकी चीर जाते. म्हणून मिस्त्री सांगतो, मुरूम लागेपर्यंत खोदा, कॉलम घ्या, प्लिंथ बीम बांधा. प्लॉट घेताना वाचलेल्या पैशांचा मोठा भाग असा जमिनीखाली जातो. मग वरचं घर टप्प्याटप्प्यानं होतं. आधी दोन खोल्या आणि संडास, मग पोर्च, पहिल्या मजल्याच्या सळया मात्र वर्षानुवर्षं तशाच उघड्या.

रस्ता, नाली, दिवाबत्ती, कचरा हे सगळं ग्रामपंचायतीकडं, आणि ती ग्रामपंचायत एखाद्या छोट्या शहराएवढी वस्ती गावाच्या तुटपुंज्या माणूसबळावर सांभाळते. भुयारी गटार नाही, म्हणून घरोघरी सेप्टिक टँक आणि त्याच्यापासून फार लांब नसलेली बोअरवेल. या भागासाठी जीवन प्राधिकरणाची पिपरी (मेघे) व १३ गावांची पाणीपुरवठा योजना आहे. धाम नदीचं पाणी शहराला आणि या गावांना जगवतं. पण लेआउट पडतात त्या वेगानं पाइपलाइन पोचत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं गेला की नव्या ओळीतल्या घरांसमोर ड्रम मांडलेले दिसतात. नागपूरहून रात्री आठला परतलेल्या बाईनं आधी टँकरची चौकशी करायची आणि मग कणीक भिजवायची, हे मला मान्य नाही. कुणालाच मान्य असू नये.

फसण्याची दुसरी आणि मोठी जागा रेल्वे. वर्धा ते नागपूर जवळपास ८० किलोमीटर. मध्ये सिंदी (रेल्वे), बोरखेडी, बुटीबोरी, खापरी, अजनी. मेमू किंवा पॅसेंजर वेळेवर धावली तर हा प्रवास अगदी सोसण्यासारखा आहे. धावली तर! सकाळी फलाटावर सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न एकच, “गाडी किती लेट हाय जी?”

उशिराचं कारण समजून घ्यायला हवं, कारण त्यात कुणा स्टेशन मास्तरचा दोष नाही. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे देशाचे दोन मुख्य मार्ग सेवाग्राम ते नागपूर या एकाच पट्ट्यातून जातात. त्यात चंद्रपूर-वणीकडच्या कोळशाच्या मालगाड्या. एवढ्या गर्दीत बाजूला कुणाला उभं करायचं हे ठरलेलंच असतं: बुटीबोरीच्या कामगारांना घेऊन जाणारी गाडी. ती सिंदीला थांबते, अजनीच्या आऊटरला थांबते आणि दारात उभी असलेली माणसं मोबाइलवर साहेबाला निरोप पाठवत राहतात. मासिक पास एक्स्प्रेसमध्ये चालतो तो जनरलच्या मोजक्या डब्यांत, आणि हे डबे आधीच लांबून भरून आलेले असतात. नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत २०२४ पासून याच पट्ट्यातून धावते. तिच्यात पास नाही, जनरल डबाही नाही.

कोविडनं या अपडाऊन करणाऱ्या माणसाची किंमत दाखवून दिली. मार्च २०२० मध्ये गाड्या थांबल्या, पास बंद झाले. पॅसेंजर परत आल्या त्या ‘विशेष’ होऊन, आणि किमान भाडं १० रुपयांचं ३० झालं. ते पुन्हा १० वर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. दरम्यान बरेच लोक एसटीकडं वळले. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट झालं, त्यानं बायकांना खरा आधार दिला. समृद्धी महामार्गाचा इथला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, येळाकेळीजवळून त्यावर चढता येतं. पण दुचाकीला तिथं बंदी आणि चारचाकीला टोल, म्हणजे रोजच्या अपडाऊनला तो रस्ता असून नसल्यासारखा.

ज्या देशानं आपल्याकडं रेल्वे आणली, त्यानं कामगारांच्या रोजच्या प्रवासाचा हा प्रश्न कायद्यानं हाताळला होता. १८४४ च्या ब्रिटिश कायद्यानं कंपन्यांना रोज निदान एक गाडी मैलाला एक पेनी दरानं, प्रत्येक स्टेशनवर थांबत सोडायला भाग पाडलं. १८८३ च्या कायद्यानं कामगारांसाठी पहाटेच्या स्वस्त गाड्या सोडण्याचं बंधन आलं. शहराबाहेर कामगारांना परवडणारी घरं उभी राहिली त्याला या गाड्यांचा मोठा हात होता. घराचा विचार करताना त्यांनी गाडीचा विचार सोडला नाही. आपण घरकुलाच्या योजना एका खात्यात आणि वेळापत्रक दुसऱ्या खात्यात ठेवतो.

उलट्या दिशेचं अपडाऊनही आहे. वर्ध्यात नोकरी आणि नागपुरात घर असलेले प्राध्यापक, अधिकारी, शिक्षक रोज येतात. त्यांच्यावर मुख्यालयी न राहण्याचा ठपका दरवर्षी बसतो, अधूनमधून परिपत्रकं निघतात. पोरांच्या शिक्षणासाठी कुणी नागपुरात राहत असेल तर त्याला दटावण्यापेक्षा गाडी वेळेवर आणणं जास्त उपयोगाचं, असं माझं मत आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. वर्धा-नागपूर तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेचं काम चालू आहे. ब्रॉडगेज मेट्रोनं वर्धा, रामटेक, भंडारा, काटोल-नरखेड नागपूरला जोडण्याचा करार २०१८ मध्ये झाला. ती गाडी अजून आलेली नाही. नागपूर मेट्रोचा दुसरा टप्पाही बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीपर्यंतच येणार. म्हणजे वर्धेकरांची सगळी भिस्त नव्या रुळांवर आहे. आणि ते तयार झाल्यावर त्यांवर पहिला हक्क कुणाचा, हे आजच ठरवलं नाही तर कोळसा आणि वातानुकूलित गाड्या ती जागा लगेच भरून टाकतील.

म्हणून खासदारांकडं, जिल्हा प्रशासनाकडं आणि मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाकडं मागणी स्पष्ट हवी. सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन अनारक्षित मेमू, ठरलेल्या वेळेला, ज्यांना कुठल्याही मालगाडीसाठी बाजूला काढलं जाणार नाही. आणि मेघे गावं शहराच्या हद्दीत घेण्याचा किंवा स्वतंत्र नगरपंचायतीचा प्रश्न एकदाचा निकाली काढा. तोवर पाइपलाइन पोचल्याशिवाय नव्या लेआउटला परवानगी देऊ नका. पिपरी-नालवाडीत प्लॉट बघायला जाणाऱ्या वाचकांना एवढंच सांगेन, सातबारा आणि एनएचा आदेश तपासाच, पण सौदा करण्याआधी एकदा मे महिन्यात शेजाऱ्याच्या नळाला पाणी येतं का ते बघा आणि आठवडाभर त्या गाडीनं नागपूरला जाऊन या.