क्राफ्टन इंडिया, हा रँक नेमका कशाचा?

क्राफ्टन इंडियाच्या व्यवस्थापनास,

बीजीएमआयचा, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडियाचा, रँक खेळाडूचे कसब मोजत नाही. त्याने किती तास दिले, तो किती वेळ आडोशाला टिकून राहिला आणि त्याच्या स्क्वॉडमध्ये कोण होते, हे तो मोजतो. २ जुलै २०२१ रोजी खेळ आला, २८ जुलै २०२२ रोजी सरकारी आदेशाने स्टोअरवरून गेला, २०२३ च्या मेमध्ये परतला. या काळात नवे नकाशे आले, सीझनमागून सीझन नव्या फ्रेम आणि नवे पोशाख आले. गुण कसे पडतात याचे पूर्ण सूत्र मात्र खेळाडूंपुढे आले नाही. पहिल्या वर्षातच दहा कोटी नोंदणीकृत खेळाडू झाल्याचे तुम्हीच जाहीर केले होते. एवढ्या लोकांना तुम्ही ज्या पट्टीने मोजता, ती पट्टी त्यांना दाखवा.

आकड्यांकडेच बघू. गोल्डची पायरी २२०० गुणांपासून सुरू होते, एसची ४२०० पासून. मधला चढ २००० गुणांचा. समजा, एका खेळाडूला सामन्यामागे सरासरी १० गुण मिळतात आणि तो रोज ५ सामने खेळतो. दुसऱ्याला सामन्यामागे २० मिळतात, पण नोकरी सांभाळून त्याला रोज एकच सामना जमतो. दोघांनी गोल्डच्या तळापासून सुरुवात केली, तर चाळीस दिवसांनी पहिला एसवर पोहोचतो आणि दुसरा ३००० गुणांवर, म्हणजे प्लॅटिनममध्येच असतो. सामन्यागणिक जो दुप्पट कमावतो, तो तीन पायऱ्या खाली! एरँगेल नकाशावरचा सामना शेवटपर्यंत अर्धा तास चालतो असे धरले, तर पहिल्याने १०० तास दिले, दुसऱ्याने २०. तुमच्या बॅजवर दिसतो तो हा ८० तासांचा फरक. वर चढावे तसे प्लस आटते आणि मायनस वाढते, हे खरे आहे, आणि त्याने हा हिशेब काहीसा सौम्य होतो. पण तो उलटत नाही. कारण गुण गमावण्यापासून वाचवणारे रेटिंग प्रोटेक्शन कार्ड तुम्हीच देता. हरल्याची नोंद पुसणारे कार्ड ज्या मोजणीत चालते, तिला मोजणी कशी म्हणायची? शिवाय सीझन संपला की सगळ्यांना खाली ओढले जाते आणि चढ पुन्हा सुरू होतो. गुणांकन जितके जुने तितके अचूक व्हायला हवे. तुम्ही ते मुद्दाम विसरायला लावता. कॉन्करर ही सर्वांत वरची पायरी तर पहिल्या ५०० जणांनाच मिळते, म्हणजे चार दिवस विश्रांती घेतली की खेळ न बिघडताही जागा जाते.

आता टिकून राहण्याबद्दल. रँक पुश करणारा पॉचिंकीसारख्या गर्दीच्या गावात उतरत नाही. तो नकाशाच्या कडेला उतरतो, गाडी शोधतो, झोन सरकला की सरकतो, गवतात आडवा पडून राहतो आणि शेवटच्या दहा संघांत जाऊन बसतो. टिकण्यातही कसब आहे, हे कुणी नाकारत नाही. पण त्याला किती मोल द्यायचे, हे तुमचे तुम्हीच वेगळ्या ठिकाणी वेगळे ठरवले आहे. २०२४ च्या बीजीआयएस या तुमच्या ई-स्पोर्ट्स स्पर्धेत २ कोटींचे बक्षीस होते. तिथे तुम्ही रँकचे हे गुण वापरले नाहीत. सामन्यात १६ संघ, ६४ खेळाडू. पहिल्या क्रमांकाला १० गुण, दुसऱ्याला ६, मग ५, ४, ३, २, सातव्या-आठव्याला १, नवव्यापासून पुढे शून्य. आणि प्रत्येक फिनिशला, म्हणजे बाद केलेल्या शत्रूला, १. हा तक्ता कुणालाही तोंडपाठ करता येतो. एकही फिनिश न घेता नववा आलेला संघ तिथे रिकाम्या हाताने परततो; रँकच्या सामन्यात तेच चौघे प्लस घेऊन बाहेर पडू शकतात. पैसा पणाला लागतो तेव्हा उघडी आणि कडक मोजणी, आणि कोट्यवधी सामान्य खेळाडूंसाठी झाकलेली आणि ढिली. या दोन मापांचे समर्थन तुम्ही कसे करणार?

मूळ अडचण याहून खोल आहे आणि ती चौघांनी मिळून खेळण्यातून येते. नॉक झालेल्या साथीदाराला धूर टाकून उठवणारा, पोटलीतली औषधे वाटून टाकणारा, टेकडीवरून कव्हर देत शत्रूचे डोके खाली ठेवणारा, यांच्या नावावर फिनिश पडत नाही. 'मग केडी (मारलेले आणि स्वतः मेलेले यांचे गुणोत्तर) बघा' असे उत्तर मिळते. केडी तर अशाच माणसाला शिक्षा करते आणि दुसऱ्याने अर्धमेल्या केलेल्या शत्रूवर शेवटची गोळी झाडणाऱ्याला बक्षीस देते. 'सामने वाढले की नशीब समसमान होते' हा दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. तो खरा आहे, पण साथीदार बदलत राहिले तरच. तेच चौघे दर सामन्यात एकत्र असतील, तर नुसत्या निकालांवरून त्यांच्यातला कोण किती चांगला हे कोणतेही गणित सांगू शकत नाही. चौघांनाही एकच उंची मिळते. त्यातला एक निव्वळ ओढला गेलेला असतो आणि पुढच्या महिन्यात तो एकटा रँडम स्क्वॉडमध्ये आला की तीन अनोळखी माणसे त्याच्या बॅजवर भरवसा ठेवून मरतात.

हा प्रश्न जगाला नवा नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी एक्सबॉक्ससाठी 'ट्रूस्किल' ही पद्धत बनवली आणि २००६ मध्ये ती सूत्रांसकट प्रसिद्ध केली. ती प्रत्येक खेळाडूसाठी दोन आकडे ठेवते: अंदाजे कसब, आणि त्या अंदाजाबद्दलची अनिश्चितता. एकास एक सामन्यांत खेळाडूची पातळी ओळखायला सुमारे १२ सामने लागतात, चौघांच्या दोन संघांत ४६, चौघांच्या चार संघांत २०, असा त्यांचाच हिशेब आहे. म्हणजे संघ वाढले की काम सोपे होते, आणि तुमच्याकडे तर एका सामन्यात १०० खेळाडू असतात. साथीदार बदलते आणि समोर संगणकाने चालवलेल्या बॉटऐवजी माणसे असतील, तर काही डझन सामन्यांत पातळी कळायला हवी. वरच्या उदाहरणातल्या पहिल्या खेळाडूने २०० सामने खेळले. २०१८ च्या 'ट्रूस्किल २' मध्ये वैयक्तिक कामगिरी आणि ठरलेले स्क्वॉडही हिशेबात धरले गेले आणि निकालाचे भाकीत बरोबर येण्याचे प्रमाण ५२ टक्क्यांवरून ६८ टक्क्यांवर गेले. इतक्या मेहनतीनंतरही ६८! हा आकडा त्यांनी लपवला नाही.

नागपूरहून हे लिहिण्याला कारण आहे. २८ जुलै २०२५ रोजी बाटुमीत महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झालेली दिव्या देशमुख याच शहराची. तिला या स्पर्धेत पंधरावे मानांकन होते. म्हणजे बुद्धिबळातले आकडेही चुकतात. पण आर्पाड एलो यांची पद्धत फिडेने १९७० मध्ये स्वीकारली तेव्हापासून ती उघडी आहे, आणि क्लबातला शाळकरी मुलगाही आपले गुण कागदावर पडताळून पाहू शकतो. 'बुद्धिबळ एकट्याचे, आमचा खेळ संघाचा' असे म्हणाल, तर इथल्याच जामठ्याच्या क्रिकेट मैदानाकडे बघा. मार्च २०२५ मध्ये तिथे विदर्भाने केरळवर पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीने रणजी करंडक जिंकला. करंडक संघाचा, पण दानिश मालेवारच्या १५३ धावा त्याच्या नावावर आहेत आणि हर्ष दुबेचे मोसमातले विक्रमी ६९ बळी त्याच्या. संघाचे यश आणि माणसाचा वाटा वेगवेगळा लिहिता येतो.

सूत्र उघड केले तर लोक त्याचा गैरफायदा घेतील, असे तुम्ही म्हणाल. लोक आजच घेत आहेत. गवतात पडून राहणे हा दुसरा कसला फायदा आहे? आणि 'रँक केवळ आनंदासाठी' हे उत्तरही पुरणार नाही, कारण कुणासमोर कोण येणार हे ठरवताना तुम्ही रँकच वापरता. शिवाय ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली ती निकाल खेळाडूच्या हातोटीवर, बुद्धीवर आणि डावपेचांवर ठरतो या अटीवर. त्या मान्यतेचा लाभ घेणाऱ्या कंपनीने कसबाचा आकडा झाकून ठेवणे अयोग्य आहे.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. सध्याचा रँक हवा तर ठेवा, पण तो हजेरीचा आणि प्रगतीचा आहे असे खेळातच लिहा. त्याच्या शेजारी कसबाचा वेगळा आकडा द्या, जो सीझन बदलला तरी पुसला जाणार नाही आणि ज्यावर कोणतेही कार्ड चालणार नाही. एकट्याने खेळलेले आणि ठरलेल्या स्क्वॉडने खेळलेले सामने त्यात वेगळे धरा, उठवणे आणि कव्हर देणे मोजा, सामन्यात बॉट किती होते ते निकालाच्या पडद्यावर दाखवा. आणि पुढचा सीझन सुरू होण्याआधी गुणांचे सूत्र मराठीसह सर्व भारतीय भाषांत प्रसिद्ध करा.

आपला,
नागपूरचा एक खेळाडू