लॅपटॉपचा पंखा आणि मे महिन्याचा हिशेब

ज्याला गेमिंग लॅपटॉप म्हणतात तो संगणक आता तालुक्याच्या गावांतील घरांतही दिसू लागला आहे. कोणी तो खेळांसाठी घेते, कोणी चित्रफितींच्या संकलनासाठी, तर कोठे थोरल्या भावाच्या अभियांत्रिकीच्या अभ्यासाचे निमित्त असते. खेळ सुरू झाला की काही मिनिटांतच त्याच्या कडेच्या जाळीतून गरम झोत येऊ लागतो, पंखे घोंघावू लागतात आणि पडद्याच्या कोपऱ्यात ९० किंवा ९५ असा तापमानाचा आकडा उमटतो. मग घरात काळजी सुरू होते. त्यावर बहुधा एकच उपाय सुचवला जातो : पंख्याचा वेग वाढवा. अमुक तापमानाला पंखा इतके टक्के, तमुक तापमानाला तितके, अशी तयार कोष्टके मुले एकमेकांकडून उतरवून घेतात.

हा उपाय अर्धवट आहे आणि दुसऱ्याचे कोष्टक उतरवून घेणे तर साफ चुकीचे आहे, असे माझे मत आहे. शाळेच्या पुस्तकातील उष्णता आणि वीज ही दोन प्रकरणे ज्याने नीट वाचली आहेत, तो विद्यार्थी याहून चांगला निर्णय स्वतः घेऊ शकतो.

प्रथम उष्णता किती निर्माण होते ते पाहू. २०२२ साली आलेला इंटेल कंपनीचा कोअर आय-७ १२७००एच हा प्रोसेसर उदाहरणादाखल घ्या. त्याची मूळ शक्ती ४५ वॅट सांगितलेली आहे. पण जोर लावताना तो ११५ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. ही वीज जाते कोठे? पंपाने पाणी टाकीत चढवले तर काही ऊर्जा त्या पाण्यात साठून राहते. आकडेमोड करण्यात असे काहीच साठत नाही. घेतलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता बनते. ११५ वॅट हा आकडा तसा मोठा नाही, जुन्या १०० वॅटच्या दिव्यापेक्षा थोडा अधिक एवढेच. पण सिलिकॉनच्या ज्या तुकड्यात ही उष्णता निर्माण होते, त्याचे क्षेत्रफळ सुमारे २ चौ. सें.मी. आहे. म्हणजे दर चौ. सें.मी.ला ५५ वॅटहून अधिक. कपड्याची इस्त्री १००० वॅटची आणि तिचा तळ १५० चौ. सें.मी.चा धरला, तर तेथे दर चौ. सें.मी.ला ७ वॅटसुद्धा पडत नाहीत. टपालाच्या तिकिटाहून लहान जागेत इस्त्रीच्या आठपट दाट उष्णता आहे, आणि शेजारी चित्रे रेखाटणारा ग्राफिक्सचा दुसरा प्रोसेसर तेच करीत बसला आहे!

ही उष्णता बाहेर नेण्याची युक्ती मोठी सुंदर आहे. प्रोसेसरच्या पाठीवर एक मऊ लेप, त्यावर तांब्याची पट्टी आणि पट्टीला जोडलेल्या चपट्या तांब्याच्या नळ्या असतात. या नळ्या भरीव नसतात. आतील हवा काढून टाकून त्यांत अगदी थोडे पाणी ठेवलेले असते. दाब कमी असल्यामुळे ते पाणी १०० अंशांच्या बरेच खाली उकळते. प्रोसेसरकडील टोकाला त्याची वाफ होते. वाफ दुसऱ्या टोकाला धावते, तेथे थंड होऊन पुन्हा पाणी बनते आणि आपली सुप्त उष्णता तेथे सोडते. नळीच्या आतील भिंतीवर सच्छिद्र अस्तर असते. दिव्याच्या वातीत तेल चढते तसे केशाकर्षणाने पाणी त्या अस्तरातून परत गरम टोकाकडे येते. पंप नाही, झडप नाही, हलणारा एकही भाग नाही. अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली अशी नळी बनवून दाखवली. अंतराळयानांत वापरली गेलेली ही युक्ती आज आपल्या मांडीवर येऊन बसली आहे. नळीच्या थंड टोकाला पातळ पत्र्यांची दाट जाळी असते, आणि पंखा हवा फुंकतो ती या जाळीतून. पंखा प्रोसेसरला स्पर्शही करीत नाही. त्याचे काम या साखळीच्या अगदी शेवटच्या कडीपुरते आहे.

येथे ओहमचा नियम आठवा. विभवांतर म्हणजे विद्युतधारा गुणिले रोध. उष्णतेलाही असाच नियम लावता येतो : तापमानातील फरक म्हणजे वॅट गुणिले उष्णतारोध. समजा, खोलीचे तापमान २५ अंश आहे, प्रोसेसर १०० वॅट घेत आहे आणि त्याचे तापमान ८५ अंशांवर स्थिर झाले आहे. फरक ६० अंशांचा, म्हणून उष्णतारोध दर वॅटला ०.६ अंश. आता लॅपटॉप तोच, पंखा तोच, खेळही तोच. फक्त खोली ४२ अंशांची आहे. फरक ६०चाच राहणार, म्हणून प्रोसेसर १०२ अंशांवर जायला हवा. पण या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश ठरवलेली आहे. ती गाठली की तो आपला वेग स्वतःच उतरवतो आणि खेळ अडखळू लागतो. ज्याने ते कोष्टक तयार केले त्याच्या खोलीत २२ अंश असतील आणि तुमच्या खोलीत ४२ असतील, तर त्याचे कोष्टक तुमच्या काय कामाचे?

आता पंख्याकडे वळू. वरच्या ६० अंशांपैकी समजा ३५ अंशांचा फरक प्रोसेसरपासून जाळीपर्यंत पडतो आणि २५ अंशांचा जाळीपासून हवेपर्यंत. पंख्याचा वेग मिनिटाला ३००० फेऱ्यांवरून ६००० केला, तर हवा दुप्पट वाहील आणि त्या २५चे फार तर निम्मे होतील. ३५ जागच्या जागी राहतील. म्हणजे लाभ १२ अंशांचा. त्याची किंमत काय? पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून दुप्पट वेगाला आठपट शक्ती. आवाज सुमारे १५ डेसिबेलने चढतो. शिवाय धूळही अधिक ओढली जाते. तरीही पंखा निरुपयोगी आहे असे कोणी समजू नये. १५० वॅट उष्णता बाहेर टाकताना हवा २० अंशांनी तापू द्यायची ठरवली, तर दर सेकंदाला ६ लिटरांहून अधिक हवा त्या जाळीतून गेली पाहिजे. कापसाच्या गादीवर लॅपटॉप ठेवून खेळणारे नेमका हाच मार्ग बुजवतात आणि मग पंख्याला दोष देतात.

कोष्टकातील आणखी एक दोष कानाला जाणवतो. ६९ अंशांना २००० फेरे आणि ७० अंशांना एकदम ४००० अशी पायरी ठेवली, की पंखा चढतो, तापमान ६८ होते, पंखा उतरतो, तापमान पुन्हा ७० होते, पंखा पुन्हा चढतो. हे हेलकावे रात्रभर चालू राहतात. ही अडचण जुनीच आहे. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या यंत्राला फिरत्या गोळ्यांचा नियंत्रक बसवला. अशा नियंत्रकांच्या हेलकाव्यांचे गणित मॅक्सवेलने १८६८ साली मांडले. उपाय आपल्या घरातील फ्रिजमध्ये आहेच. चालू होण्याचे आणि बंद होण्याचे तापमान तेथे वेगवेगळे ठेवलेले असते. पंख्याचा वेग ७५ला वाढवावा आणि ६८ला उतरवावा, म्हणजे घरातील माणसे झोपू शकतात.

पण खरा लाभ मुळाशी आहे. उष्णता बाहेर फेकण्याची धडपड करण्यापेक्षा ती कमी निर्माण का करू नये? प्रोसेसरची शक्ती विद्युतदाबाच्या वर्गाच्या आणि वारंवारतेच्या प्रमाणात बदलते. वारंवारता २० टक्क्यांनी आणि तिच्याबरोबर विद्युतदाब १० टक्क्यांनी उतरवला, तर ०.८ × ०.९ × ०.९, म्हणजे सुमारे ०.६५. वॅट ३५ टक्क्यांनी घटले. मघाच्या उदाहरणात ६० अंशांचा फरक ३९वर येतो. लाभ २१ अंशांचा, तोही पंख्याला हात न लावता. वेगाची घट मात्र फार तर पाचव्या भागाची. चित्रांच्या बाबतीत तर काही सोडावेही लागत नाही. पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा असेल आणि ग्राफिक्स प्रोसेसर १४० रेखाटत असेल, तर उरलेली ८० पूर्ण कोणी पाहतच नाही. खेळाच्या सेटिंगमध्ये चित्रांची संख्या ६०वर बांधून ठेवणे हा मला यातील सर्वांत शहाणपणाचा उपाय वाटतो. स्पर्धेत उतरणारे खेळाडू याला नाके मुरडतील. त्यांना प्रतिसादाच्या वेळेतले काही सहस्रांश सेकंद हवे असतात, आणि त्यांच्यापुरते ते खरेही आहे. बाकीच्यांनी त्यांचे अनुकरण कशाला करायचे?

९५ हा आकडा पाहून घाबरण्याचेही कारण नाही. मर्यादेच्या आत प्रोसेसर स्वतःला सांभाळतो. तो जळून जाईल ही भीती जुन्या यंत्रांवरून आलेली आहे. काळजी त्याच्या शेजाऱ्यांची करावी. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते, आणि प्रोसेसरवरील लेप वर्षानुवर्षे तापून सुकतो.

आता कंपन्यांविषयी. अनेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराच्या तापमानाची वरची मर्यादा ३५ अंश छापलेली असते. नागपूर, अकोला, चंद्रपूर येथे मे महिन्यात दुपारी ४२च्या वर पारा जातो, हे येथील शाळकरी मुलालाही माहीत आहे. म्हणजे घरातील कित्येक महिन्यांची बचत खर्चून घेतलेले यंत्र ऐन सुट्टीत, जेव्हा मुलांना त्याला हात लावायला सवड मिळते तेव्हाच, छापील मर्यादेबाहेर चालत असते. भारतात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपच्या खोक्यावर ४० अंशांच्या खोलीत तो सलग किती वॅट पेलतो, हा एक आकडा छापणे कंपन्यांना बंधनकारक करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. काही क्षणांच्या ११५ वॅटची जाहिरात करणाऱ्यांना हा आकडा मोजणे अवघड नाही. तोवर वैदर्भीयांच्या हाती त्यांचा कूलर आहेच. कोरड्या हवेत तो खोली ४२वरून ३० अंशांवर आणू शकला, तर प्रोसेसरचेही १२ अंश उतरतात. पंखा दुप्पट फिरवून मिळाले असते तेवढेच! (कूलरचा स्वतःचा गडगडाट वेगळा.) लॅपटॉप मात्र तुषार उडतील इतका जवळ ठेवू नये. कोकणातल्या दमट हवेत हा उपाय चालत नाही; तेथे वॅट कमी करण्यावाचून गत्यंतर नाही.

शिक्षकांनी या विषयाला खेळाचे खूळ म्हणून झटकून टाकू नये. वॅट आणि तापमान दाखवणारी साधने फुकट मिळतात. पंख्याचा वेग एका ठिकाणी कायम ठेवा. शक्तीची मर्यादा ३०, ४५, ६० वॅट अशी बदलत जा. प्रत्येक वेळी २० मिनिटे थांबा, खोलीचे तापमान साध्या तापमापीने मोजा आणि वहीत लिहा. आडव्या अक्षावर वॅट, उभ्या अक्षावर प्रोसेसर व खोली यांच्या तापमानांतील फरक घेऊन आलेख काढा. बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत येतील आणि त्या रेषेचा चढ म्हणजे तुमच्या लॅपटॉपचा उष्णतारोध. तो तारखेसह लिहून ठेवा. सहा महिन्यांनी हाच प्रयोग पंख्याच्या त्याच वेगाला पुन्हा करा. चढ ०.६चा ०.७५ झाला असेल, तर जाळीत धूळ साचली आहे किंवा लेप सुकला आहे. जाळी साफ करताना लॅपटॉप पूर्ण बंद ठेवावा आणि पंख्याचे पाते काडीने अडवून मग हवा फुंकावी. मोकळा सोडला तर तो झोताने अतिवेगाने फिरून बिघडू शकतो.