मांडवात राहिलेली आई

लग्नात भटजींनी 'सावधान' म्हटले, की मांडवातला एखादा तरी विनोदी गृहस्थ शेजाऱ्याच्या कानाशी लागतो आणि म्हणतो, "हे ऐकून शहाणा झाला तो एकच हो, रामदास!" दोघे हसतात, अक्षता पडतात, आणि मंडळी पंगतीकडे वळतात. वाचकहो, हा विनोद आपण सर्वांनीच ऐकला असेल. माझ्या आजीला मात्र त्याचे हसू आलेले मी कधी पाहिले नाही.

आजी जांबेकडची. जांब हे समर्थांचे जन्मगाव आज जालना जिल्ह्यात आहे. आजीच्या उमेदीत तो जिल्हाच नव्हता. तो १९८१ च्या १ मे रोजी झाला. तेव्हा तो सारा मुलूख निजामाचा, म्हणून आमच्याकडची म्हातारी माणसे 'मोगलाईत असताना' असेच बोलत. नारायणाची गोष्ट आजी आम्हां नातवंडांना इतरांसारखीच सांगे, पण अंतरपाटापर्यंतच. तिथून पुढे सगळे जग नारायणाच्या मागे धावते. आजी मांडवातच थांबे.

"लेकरू गेलं, बरं," ती म्हणे. "पण त्या मायनं नवरीच्या मायला काय तोंड दाखवलं असंल? आन् एवढं शिजलेलं अन्न, त्याचं काय केलं असंल?"

आम्हां पोरांजवळ याला उत्तर नसे. ते आजीलाच माहीत होते. १९४७ साली माझा काका, वय वर्षे एकोणीस, हैदराबादच्या लढ्यात सामील व्हायला सरहद्दीपलीकडच्या छावणीत निघून गेला, तो पोलीस कारवाईनंतरच, १९४८ च्या सप्टेंबराअखेर घरी आला. त्या मधल्या महिन्यांत आजीने दोन सुना, पाच नातवंडे आणि गोठ्यातली जनावरे सांभाळली. गावात कोणी विचारले, तर "मामाकडं गेलाय" एवढेच सांगायची. काकांच्या छावणीच्या हकिगती आम्ही शेकडो वेळा ऐकल्या. आजीची हकिगत तिला कोणी विचारली नाही.

म्हणून मोठेपणी समर्थांची चरित्रे वाचताना मी राणूबाईंची वर्षे मोजू लागलो. नारायणाचा जन्म १६०८ चा. वडील सूर्याजीपंत ठोसर, गावचे कुलकर्णी. ते १६१५ साली वारले. तेव्हा थोरला गंगाधर दहा वर्षांचा आणि नारायण सात. पुढच्याच वर्षी, १६१६ त, जालन्याजवळ रोषणगावाला मलिक अंबर आणि मोगल यांची मोठी लढाई झाली. अशा दिवसांत एका विधवेने दोन मुलगे वाढवले. आईच्या शब्दाखातर धाकटा बोहल्यावर उभा राहिला आणि १६२० साली, बाराव्या वर्षी, तिथूनच गेला. नाशिकजवळ टाकळीला त्याने बारा वर्षे तप केले, आणि पुढची बारा वर्षे देशभर तीर्थाटन.

ही चोवीस वर्षे आपण नारायणाच्या बाजूने पाठ केली आहेत. घराच्या बाजूने ती अशी आहेत: १६३० साली पाऊस गेला आणि दख्खनेत असा दुष्काळ पडला, की गावेच्या गावे उठली. दुष्काळाच्या पाठीवरच शाहजहानच्या फौजा उतरल्या. १६३३ त दौलताबाद पडले, १६३६ त निजामशाही बुडाली. फौजा जिकडून जात, तिकडे वैरण, दाणा आणि माणसांची झोप यांतले काही उरत नसे. त्या काळात जांबेच्या घरात चूल पेटत राहिली. गंगाधरपंत आणि पार्वतीबाई यांना रामचंद्र आणि श्यामजी हे मुलगे झाले, आणि राणूबाई आजी झाली. घरातली रामाची उपासना चालू राहिली. गंगाधरपंत पुढे 'श्रेष्ठ' म्हणून ओळखले गेले. 'भक्तिरहस्य' आणि 'सुगमोपाय' हे ग्रंथ त्यांचे.

१६४४ साली समर्थ जांबेला आले. परंपरा सांगते, की रडून रडून आईचे डोळे गेले होते. दारातल्या भिक्षेकऱ्याचा आवाज तिने ओळखला, आणि मुलाचा हात फिरताच तिला दिसू लागले. कीर्तनकार इथे थांबतात, आणि श्रोत्यांच्या डोळ्यांना पदर लागतात. मला त्यापुढचा भाग मोठा वाटतो. समर्थ काही महिने राहिले आणि कृष्णाकाठी जायला निघाले. पहिल्या वेळी मुलगा न सांगता पळाला होता. या वेळी तो सांगून निघाला, आणि आईने जाऊ दिले. पळालेल्या मुलाची वाट पाहायला माया पुरते. आलेल्या मुलाला पुन्हा निरोप द्यायला त्याहून काही जास्त लागते. १६५५ साली राणूबाई गेल्या, तेव्हा समर्थ जवळ होते, असे चरित्रकार लिहितात.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. समर्थांनी संसार केला नाही. मग चाफळ आणि सज्जनगडाची गादी पुढे कोणाकडे गेली? जांबेच्या श्रेष्ठांच्या वंशाकडे. ज्या घरातून नारायण पळाला, त्याच घराने पुढे त्याचा मठ सांभाळला. ते घर दुष्काळात आणि धामधुमीत उठून गेले असते, तर?

२०२२ च्या ऑगस्टात जांबेच्या राममंदिरातल्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या. सारे गाव हळहळले. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास त्या सापडल्या, तेव्हा गावाच्या जिवात जीव आला. दोन महिन्यांत गावाची ही अवस्था झाली. राणूबाईंनी चोवीस वर्षे काढली.

आज आपल्या घरातले नारायण पुण्याला, बंगळुराला, अमेरिकेत असतात. ते पळून गेलेले नाहीत. आपणच त्यांना स्टेशनवर, विमानतळावर पोचवले आहे. दिवाळीला त्यांतले काही येतील, चकलीचा तुकडा मोडीत तिकडच्या हकिगती सांगतील, आणि घर कान देऊन ऐकेल. त्यांना माझी एक विनंती आहे. तुमचे सांगून झाले, की आईला आणि आजीला विचारा, "मी नव्हतो, तेव्हा इथे काय काय झालं?" पहिल्यांदा "काही नाही रे, काय व्हायचंय" असेच उत्तर येईल. तिथे उठू नका. आणखी एकदा विचारा.