शाळेपर्यंतचे शेवटचे दोनशे मीटर

पुण्यातल्या कुठल्याही शाळेसमोर, शाळा सुटायच्या दहा मिनिटं आधी उभं राहून पाहा. दुचाकींच्या दोन-तीन रांगा, मागे मोटारी, मध्येच अडकलेल्या रिक्षा आणि व्हॅन. हॉर्नचा गलका. शिट्टी फुंकून थकलेला वॉचमन. आणि या सगळ्यातून दप्तर सावरत वाट काढणारी, आपल्या कमरेएवढी पोरं.

ही गर्दी कुणाची? बाहेरगावाहून आलेली नाही. ती आपलीच आहे, पालकांची.

‘पुणे म्हणजे सायकलींचं शहर’ हे इतक्या वेळा बोललं गेलंय की आता ऐकून कुणाला काही वाटत नाही. म्हणून जरा तपशिलात जाऊ. तासावर भाड्याने सायकल देणारी दुकानं होती. दिवा नसला की अडवणारा पोलीस होता, डबलसीट दिसली तर तो हवाही सोडायचा. सीटवरून पाय पुरत नाहीत म्हणून पोरं दांडीखालून पाय घालून, कैची मारत शिकायची. शाळा-कॉलेजांचे सायकल स्टँड तुडुंब भरायचे. ज्यांच्याकडे सायकल नव्हती ती चालत निघायची. वाटेत हाका मारत मारत शाळेपर्यंत दहा-बारा जणांचं टोळकं व्हायचं. २०१८ साली बातमी आली, की शहरातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येच्याही पुढे गेली आहे. ते टोळकं तोवर केव्हाच पांगलं होतं.

रस्त्यावर गाड्या फार, म्हणून आपण मुलांना चालत पाठवत नाही. गाडीवरून सोडतो. त्यामुळे रस्त्यावर आणखी एक गाडी येते. तिला घाबरून शेजारची आईही स्कूटर काढते. प्रत्येकाचं कारण रास्त, आणि सगळ्यांची मिळून ही कोंडी. त्यात २०२४पासून चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊनंतर भरवायचं धोरण आलं. मुलांच्या झोपेसाठी निर्णय चांगलाच आहे, पण शाळेची वेळ आता नेमकी ऑफिसच्या गर्दीत येते.

भीती खोटी नाही, हे आधी कबूल करू. लहान मुलाला गाडी दिसते, पण ती किती वेगाने येतेय याचा अंदाज येत नाही. ताशी ३० ऐवजी ५० किलोमीटरने येणाऱ्या गाडीचा आघात जवळपास पावणेतीन पट असतो. म्हणून ‘पाठवा हो चालत, आम्ही नाही का गेलो’ असं म्हणून भागणार नाही. आपण गेलो तो रस्ता वेगळा होता. मुलांना रस्त्यावर आणायचं तर रस्ता आधी थोडा तरी त्यांच्याजोगा करावा लागेल, आणि तो करणं आपल्या आवाक्यातलं आहे.

हा खटाटोप कशासाठी? व्यायाम होतो, ते आहेच. पण शाळेची वाट हा मुलाच्या दिवसातला असा तुकडा आहे, जिथे कुणी त्याला काही शिकवत नाही आणि ते सगळ्यात जास्त शिकतं. कुठे थांबायचं, कुणाला विचारायचं, कुत्रं अंगावर आलं तर काय करायचं. आठवीतल्या ज्या मुलाने एकट्याने चौक ओलांडलेला नाही, त्याच्याच हाती आपण दोन वर्षांत स्कूटीची किल्ली देतो! अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, असा कायदा २०१९पासून आहे. तरी क्लासबाहेर त्या गाड्यांच्या रांगा लागतातच.

महापालिकेने २०१६मध्ये पादचारी धोरण केलं, २०१७मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. कागद चांगले आहेत. रस्त्यावर मात्र सायकल मार्गावर कुठे पार्किंग, कुठे हातगाडी, कुठे नुसताच उखडलेला पेव्हर ब्लॉक. पाठपुरावा करूच. पण तोवर हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही.

सुरुवात दोनशे मीटरपासून करू या. गाडी गेटपर्यंत न्यायचीच नाही. दोनशे मीटर अलीकडे, एखाद्या मंगल कार्यालयाच्या किंवा मैदानाच्या कडेला थांबवायची आणि तिथून मुलांनी चालायचं. दहा किलोमीटरवरून येणाऱ्यांनाही हे जमेल. गेटसमोरची कोंडी फुटली की जवळची मुलं घरूनच चालत येऊ शकतील. शिक्षण हक्क कायद्याच्या राज्यातल्या नियमांनुसार प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असायला हवी, म्हणजे मुलाच्या पावलांनी फार तर वीस मिनिटं. एका सोसायटीतली पाच-सहा मुलं, बरोबर आळीपाळीने एक पालक, एवढंच पुरे. जपानमध्ये प्राथमिक शाळेतली मुलं अशीच घोळक्याने जातात, पुढे एक मोठं मूल असतं. आपल्याकडे तर सकाळी फिरायला जाणाऱ्या आजी-आजोबांची फौज आहे. त्यांच्यातले दोघे चौकात उभे राहिले तर वॉचमनच्या शिट्टीपेक्षा त्यांचा दरारा जास्त!

फुटपाथ नसेल तिथे समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने, म्हणजे उजवीकडून चालायचं. सायकल मात्र डावीकडूनच. ब्रेक, घंटी, मागचा रिफ्लेक्टर दर रविवारी पाहायचा. सायकल मुलाच्या उंचीची हवी. ‘मोठा होईल तेव्हा पुरेल’ हा हिशेब गणवेशात चालतो, सायकलीत नाही. उभ्या मोटारीच्या अगदी कडेने जायचं नाही, दार कधी उघडेल सांगता येत नाही. आणि दप्तर! ते मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नको, असा शासनाचा २०१५चा निर्णय आहे. त्याहून जड दप्तर घेऊन कोण चालेल?

पुण्याबाहेरही हा प्रश्न तितकाच तातडीचा आहे. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. गावात एसटी येत नसेल तर त्या सायकलवरच मुलीचं शिक्षण टिकून असतं. पण गावाजवळचा रस्ता रुंद झाला, वाहनांचा वेग वाढला आणि कडेची पायवाट गेली, तर तीच मुलगी घरी बसते. रस्ता होताना कडेला सायकलीपुरती जागा मागणं हे ग्रामसभेचं काम आहे.

मागायची ठिकाणं आपल्याकडे आहेत. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. सायकल स्टँडचा, गेटसमोरच्या नो-पार्किंगचा ठराव तिथे होऊ शकतो. खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ आहे. पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून आपापल्या भागातली कामं मागवते. झेब्रा पट्टे, गतिरोधक, फुटपाथचा तुटलेला तुकडा यांचे अर्ज तिथे जाऊ द्या.

पुढच्या पालकसभेत हा विषय तुम्ही काढा. वाट पाहू नका, बाकीचेही कुणीतरी काढेल म्हणूनच थांबलेले असतात. आणि सोमवारी गाडी दोनशे मीटर अलीकडे थांबवा.